सौसनची सायकल, वजीहचं पेट्रोल

मीना हे लेबनॉनमधल्या त्रिपोलीचं बंदर. गाव सपाट, त्यामुळे आमच्याकडे सायकलचं कुणाला अप्रूप नाही. मासेवाले, पाववाले, गोदीतले हमाल, सगळे सायकलवरच हिंडतात. बाई मात्र क्वचित दिसते, आणि दिसली तर कॉलेजात जाणारी पोरसवदा मुलगी असते. म्हणून पन्नाशीला टेकलेली सौसन पहिल्यांदा नर्सचा पांढरा कोट घालून, औषधांची बॅग पुढच्या टोपलीत ठेवून रस्त्यावर आली, तेव्हा लोकांनी माना वळवून पाहिलं.

सौसन माझी वरच्या मजल्यावरची शेजारीण. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची ड्रेसिंग करायची, इंजेक्शनं द्यायची, हे तिचं काम. नवरा वजीह टॅक्सी चालवायचा. एकट्यानं घ्यायची टॅक्सी नव्हे, चौघांना चार ठिकाणी सोडणारी, जिला आम्ही ‘सर्व्हिस’ म्हणतो ती. जुनी पांढरी मर्सिडीज, लाल नंबरप्लेट, मागच्या सीटवर हातानं विणलेलं कव्हर. मुलगा हैसम मेलबर्नला असतो, त्यामुळे गल्लीत नवराबायकोला अबू हैसम आणि उम्म हैसम, म्हणजे हैसमचा बाप आणि हैसमची आई, म्हणतात.

लेबनॉनचा लिरा कोसळला त्या वर्षी आधी पेट्रोलसाठी रांगा लागल्या. वजीह पंपापाशी गाडीत झोपायचा, सकाळी अर्धी टाकी भरून यायचा. मग सरकारनं पेट्रोलवरची सबसिडी काढली आणि आठवड्याभरात रांगा संपल्या, कारण भरणाराच कुणी उरला नाही. वीस लिटरचा एक डबा पेट्रोल सौसनच्या महिन्याच्या कमाईच्या पाचव्या हिश्शाला जाऊ लागला. लोक सर्व्हिसमध्ये बसेनात, पायी जायला लागले. वजीह दोनदोन तास चौकात उभा राहायचा आणि रिकामाच परतायचा. शेवटी त्यानं चौकात जाणं सोडलं.

मग त्याच्या गाडीत बसणारं एकच माणूस राहिलं, ती त्याची बायको. तो तिला एका पेशंटच्या दाराशी सोडायचा, खाली थांबायचा, मग दुसऱ्याच्या दाराशी न्यायचा. ती हिंडून जे कमवायची त्यातलं निम्म्याहून जास्त त्या हिंडण्यातच जळायचं. सरकारी वीज दिवसातून एखादा तास. गल्लीतल्या खासगी जनरेटरचं कनेक्शन त्यांनी उन्हाळा सुरू होतानाच सोडलं होतं. त्यांच्या फ्रिजमध्ये कांदे ठेवलेले असत, आणि पेशंटांचं इन्सुलिन सौसन मासेवाल्याच्या बर्फात ठेवायला द्यायची.

एके दुपारी जेवताना तिनं वजीहला सांगितलं की आता आपण सायकल चालवणार. त्यानं हातातला पाव ताटात ठेवला. मग म्हणाला, “पडशील.”

सौसन म्हणाली की पडलेल्यांना पट्ट्या बांधणं हाच तिचा धंदा आहे. त्यानं विचारलं, सायकल आणणार कशातून. तिनं भिंतीवरच्या एसीकडे बोट दाखवलं. दोन वर्षांत त्यानं एक झुळूक सोडली नव्हती. दुसऱ्याच दिवशी फव्वाज सायकलवाला दोन माणसं घेऊन आला, एसी उतरवून घेऊन गेला आणि त्या बदल्यात एक हिरवी, थोडी जुनी, पुढे टोपली असलेली लेडीज सायकल ठेवून गेला. भिंतीला पडलेल्या भोकात वजीहनं वर्तमानपत्र कोंबलं.

तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी लहानपणी भावाच्या सायकलवर शिकले होते. पहाटे समुद्रकाठच्या रस्त्यावर मी सीट धरून मागून पळायची आणि ती हँडल आवळून मला शिव्या द्यायची. गळ टाकून बसलेले म्हातारे हसायचे. एकानं विचारलं, “उम्म हैसम, सर्व्हिस?” ती न थांबता म्हणाली, “एकच सीट आहे आणि ती भरलीय.” ती दोनदा पडली, गुडघा सोलून घेतला, आणि तिसऱ्या आठवड्यात मी सीट सोडल्याचं तिला कळलंही नाही. त्या दिवसांत वजीह एकदाही समुद्राकडे फिरकला नाही. तो खाली गाडी पुसत असायचा.

त्यांच्यात ठरलं असं की गाडी उभी राहील आणि पेट्रोलला जे पैसे लागायचे ते कॉफीच्या डब्यात टाकायचे. महिना भरला की जनरेटरचं कनेक्शन परत घ्यायचं. सौसन रोज काम आटोपून आली की डब्यात नोटा टाकायची. नोटांची गड्डी जाड दिसायची, पण लिऱ्याची गड्डी जाड दिसण्यावर जाऊ नये हे आम्हांला सगळ्यांना कळून चुकलं होतं.

महिना भरला. जनरेटरवाला दारात आला. सौसननं डबा उघडला आणि पैसे निम्मेसुद्धा भरले नाहीत. तिनं वजीहकडे पाहिलं. तो म्हणाला, पाव महागला, गॅस महागला, कुणाला कळतं कुठे जातात. ते खरंच होतं. तिला वाटलं, आपलाच हिशोब चुकला. पुढच्या महिन्यात आणखी हात आखडायचा, एवढं तिनं ठरवलं. दुपारची कॉफीसुद्धा बंद केली. मी कप पुढे केला तरी घेईना.

तिची एक जुनी पेशंट होती, उम्म इल्यास. साखरेच्या आजारानं पायाला जखम झालेली, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी, दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसणारी. एक दिवस पट्टी बांधून घेता घेता ती सौसनला म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला वर का नाही आणत? मी काय खाणार आहे त्याला?”

सौसनला वाटलं म्हातारीचं मन मागे गेलंय. ती म्हणाली, वजीह आता येत नाही, मी सायकलनं येते.

“सायकलनं येतेस ते दिसतं की मला. तू वळलीस की मागोमाग त्याची गाडी वळते. तिकडे झाडाखाली लावतो. मी रोज दोरीच्या टोपलीतून कॉफी सोडते त्याला. बिनसाखरेची पितो.”

सौसननं पट्टीची गाठ मारली, हात धुतले आणि बाल्कनीत जाऊन खाली पाहिलं. कोपऱ्यावरच्या झाडाखाली पांढरी मर्सिडीज होती. टपावर एक रिकामा कप होता.

ती जिना उतरून गेली. ती येताना दिसताच वजीह सीटखाली वाकला, काही तरी शोधत असल्यासारखा. तिनं मागचं दार उघडलं आणि विणलेल्या कव्हरवर जाऊन बसली. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज चढला नाही.

वजीहनं आरशात पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, “कुठे जायचं?”

“जनरेटरवाल्याकडे,” सौसन म्हणाली. “त्याला सांगायचंय की कनेक्शनचे पैसे माझ्या नवऱ्यानं माझ्याच मागे जाळले.”

तो म्हणाला की ट्रक तिच्या अगदी अंगावरून जातात, तिला कळत नाही, पण मागून पाहणाऱ्याला दिसतं. तो मागे असला की निदान ट्रकवाले जरा सांभाळून जातात.

“मागे तू आहेस हे मला ठाऊक नव्हतं, ट्रकवाल्याला कुठून ठाऊक असणार?”

वजीहनं स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसली. “घरी बसून मी काय करू, सौसन? या गावातल्या प्रत्येकाला मी कुठे ना कुठे सोडलंय. लग्नाला, दवाखान्यात, परीक्षेला. आता कुणालाच कुठे जायचं नाही. तू एक राहिली होतीस, तीही सायकलवर बसलीस.”

सौसनला त्याची दया आली, असं ती म्हणाली. पण त्याच वेळी तिला महिनाभर न प्यायलेली कॉफी आठवली. ती म्हणाली, “वजीह, मला कुणी सोडायला नकोय. मला पंखा हवाय.”

ती उतरली, दार हळूच लावलं आणि पुढच्या पेशंटकडे गेली. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर वजीहनं तिचा पाठलाग केला नाही. गाडी आमच्या इमारतीखाली उभी राहिली आणि तो तिच्यात बसून राहू लागला. खिडकी उघडी, रेडिओ लावलेला. येणारेजाणारे दोन शब्द बोलून जायचे. एकदा मी भाजी घेऊन येत होते तर त्यानं सवयीनं माझ्यासाठी मागचं दार आतून उघडलं आणि मग ओशाळून लावून घेतलं. पुढच्या महिन्यात डब्यातले पैसे पुरले. कनेक्शन आलं, अगदी लहान, एक फ्रिज आणि एक पंखा चालेल इतकंच. उन्हाळा सरत आला होता, तरी सौसननं पहिल्या संध्याकाळी पंखा लावला आणि त्याच्याखाली पाय पसरून बसली. वजीहही येऊन बसला. पेट्रोलचा विषय दोघांनी काढला नाही.

डिसेंबरात पावसानं झोडपून काढलं. त्या वर्षी गटारांची लोखंडी झाकणं चोर भंगारात विकायचे, आणि रस्त्यात जागोजाग उघडी भोकं होती. लोक त्यांत टायर नाही तर झाडाच्या फांद्या खोचून ठेवत. पाणी साचलं की फांदी वाहून जायची आणि भोक दिसायचं नाही. सौसनच्या सायकलचं पुढचं चाक अशाच एका डबक्यात शिरलं आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. डावं मनगट मोडलं.

मिस्बाह नावाचा एक काअकवाला तिथून जात होता. काअक म्हणजे तिळाचा पाव, तो तीनचाकी सायकलच्या पुढे पेटी बांधून विकतो. त्यानं उरलेले पाव एका दुकानात ठेवले, सौसनला पेटीत बसवलं, हिरवी सायकल मागे बांधली आणि दोघांना इस्पितळात पोचवलं. मग त्यानं वजीहला फोन केला.

वजीह गाडीकडे धावला. किल्ली फिरवली. टाकीत थेंब नव्हता, त्यानं भरलंच नव्हतं. त्या दिवशी आमच्या गल्लीनं त्याला पहिल्यांदा पळताना पाहिलं. छत्री नाही, पायात घरच्या चपला. इस्पितळ काही जवळ नाही. तो पोचला तेव्हा सौसनच्या हाताला प्लास्टर घालून झालं होतं, आणि ती वाट पाहत होती की आता हा म्हणणार, मी सांगितलं होतं. तो तसं काही म्हणाला नाही. दम घेऊन झाल्यावर तो मिस्बाहकडे वळला आणि विचारलं की ही तीनचाकी चालवायला जड जाते का.

मिस्बाह म्हणाला, “तुम्हाला दोनचाकी येते का, अबू हैसम?”

वजीहनं नकारार्थी मान हलवली. तो लहानपणीच गॅरेजात कामाला लागला होता. तिथून सरळ मोटार शिकला, सायकल मध्ये कधी आलीच नाही.

“मग बरंय,” मिस्बाह म्हणाला. “ज्याला दोनचाकी येते त्याला ही येत नाही. ते कलतात आणि भिंतीवर जातात.”

पेशंट थांबणारे नव्हते. उम्म इल्यासची जखम दोन दिवस उघडी राहिली तर पाय कापावा लागेल, हे सौसनला माहीत होतं. मिस्बाहचे पाव सकाळी दहापर्यंत संपायचे, त्यानंतर त्याची गाडी रिकामी असायची. वजीहनं तिचे ब्रेक नीट करून द्यायचे आणि साखळीला तेल घालायचं, या बोलीवर मिस्बाहनं ती दुपारपुरती दिली.

तर मग मीना गावानं हेही पाहिलं. पेटीत उशी टाकून बसलेली सौसन, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात, मांडीवर औषधांची बॅग, आणि मागे सीटवर वजीह, टोपी घालून, घामानं निथळत. पहिल्या दिवशी, दोनचाकी येत नसूनही, तो वळणावर हँडल फिरवायच्या ऐवजी अंगानं कलला आणि भाजीच्या गाड्यावर गेला. मासेवाले ओरडले, “अबू हैसम, मर्सिडीज बदलली का?” तो म्हणाला, “नवं मॉडेल आहे. छप्पर उघडतं.”

त्रिपोलीतल्या अबू समरा भागाचा चढ मात्र त्याच्यानं होईना. तिथे सौसन उतरायची आणि चांगल्या हातानं मागून ढकलायची. वर पोचल्यावर दोघं एका पायरीवर बसायची, बाटलीतलं पाणी वाटून प्यायची.

चढापेक्षा अवघड काम घरांमध्ये होतं. एका हातानं ड्रेसिंग होत नाही. इतकी वर्षं वजीह खाली गाडीत थांबला होता. आपली बायको वर जाऊन नेमकं काय करते, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आता त्याला वर जावं लागलं, पाकिटं फाडावी लागली, पाय धरावा लागला. उम्म इल्यासची जुनी पट्टी पहिल्यांदा सुटली तेव्हा तो पांढराफटक पडला, बाल्कनीत गेला आणि कठडा धरून उभा राहिला.

म्हातारी आतून म्हणाली, “बाळ, टाच माझी कुजलीय, तू का पळतोयस? ये इकडे. इतके दिवस फुकटची कॉफी प्यायलास.”

तो परत आला. सौसन सांगेल तसं त्यानं धरलं, कापसानं पुसलं, पट्टीचा वेढा घातला. त्याचे हात जाड पण हलके होते, कारण आयुष्यभर तो बारीक नटबोल्ट काढत आला होता. दुसऱ्या आठवड्यात सौसन नुसती खुर्चीवर बसून सांगू लागली. तिसऱ्या आठवड्यात ती सांगायचीही थांबली. घरी येताना एकदा पेटीतून मागे न बघताच तिनं त्याला विचारलं की तुला घाण वाटत नाही का. तो पायडल मारत म्हणाला, “वाटते. पण मला वाटायचं तू आत जाऊन नुसतं ताप बघून येतेस.”

प्लास्टर निघालं आणि सौसन पुन्हा हिरव्या सायकलवर बसली. मनगट थंडीत ठणकायचं, पण हँडल धरता यायचं. पेट्रोल तोवर आणखी महागलं होतं. वजीहनं पुन्हा गाडीत बसायला सुरुवात केली नाही. तो फव्वाजच्या दुकानात जाऊ लागला. फव्वाजकडे जुन्या चाकांचा ढीग होता, वजीहला वेल्डिंग येत होतं. दोघांनी मिळून एक तीनचाकी उभी केली, मिस्बाहच्या गाडीहून रुंद, पुढे फळीचा तळ. तिच्यावरून तो लोकांचं सामान पोचवायचा, पाण्याचे कॅन, गॅसच्या टाक्या, पिठाची पोती. एकदा एका नव्या नवरीची गादी नेली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी खिडक्यांतून त्याच्यावर तांदूळ उधळले आणि तो लाजला. मिळकत सर्व्हिसच्या जुन्या दिवसांच्या चौथ्या हिश्शाचीही नव्हती, पण त्यातलं जळून काही जात नव्हतं. जनरेटरचं कनेक्शन त्यांनी थोडं वाढवून घेतलं. मासेवाल्याच्या बर्फातलं इन्सुलिन घरच्या फ्रिजमध्ये आलं.

हैसमचा मेलबर्नहून फोन आला. कुणी तरी त्याला बापाचा तीनचाकीवरचा फोटो पाठवला होता. तो म्हणाला, बाबा, मी पैसे पाठवतो, हे बंद करा, तुमचं वय काय. वजीहनं त्याला सांगितलं की पैसे पाठवायचेच असतील तर आईच्या सायकलला चांगले टायर पाठव, इथे मिळतात ते महिन्यात फाटतात. हैसमला वाटलं बाप चेष्टा करतोय. दोन महिन्यांनी टायर आले.

वसंतात अक्कार भागातला एक माणूस मर्सिडीज बघायला आला. त्याला गाडीपेक्षा टॅक्सीच्या परवान्याची लाल नंबरप्लेट हवी होती. भाव ठरला, कागद झाले, आणि वजीह त्याला गाडी समजावून सांगू लागला. थंडीत चोक किती ओढायचा, दुसरा गिअर घालताना क्षणभर थांबायचं, डावं दार उचलून लावायचं. तो माणूस हो हो म्हणत घड्याळ बघत होता. वजीहनं मागच्या सीटचं विणलेलं कव्हर काढायला हात घातला, मग काढलं नाही. म्हणाला, राहू दे, सीटचं कापड फाटलंय. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो फुटपाथवर उभा होता. मी वरून पाहत होते. त्यानं हात वगैरे केला नाही.

मग तो जिना चढून वर गेला. मीही थोड्या वेळानं सौसनकडे गेले, उगीच, दोघं उदास असतील तर दोन शब्द बोलावेत म्हणून. दोघं जेवत होती. मसुराचा भात, वर तळलेला कांदा, वाटीत दही. वजीहचे डोळे लाल होते, पण तो नेटानं जेवत होता. सौसननं मला खुर्ची दिली आणि त्याच्या ताटात न विचारता आणखी भात घातला.

थोड्या वेळानं त्यानं मान वर करून तिला विचारलं, अबू समराच्या चढावर गॅसच्या तीन टाक्या एकदम जातील का.

“दोन ने,” सौसन म्हणाली. “तिसरीसाठी परत जा. घाई कुणाला आहे?”

त्यानं जरा विचार केला, दही पुढे ओढलं आणि म्हणाला, बरं, दोन.